देव विटेवर थांबला, बाप बांधावर थांबेल का?



जूनचा तिसरा रविवार आला की मोबाइलवर "बाप म्हणजे देव" सुरू होतं. खोटं नाही ते. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो, पण ज्ञानेश्वर महाराजांच्या अभंगांत "बापरखुमादेवीवरु" अशी मुद्रा येते, म्हणजे बापही त्यात आहेच. माझं म्हणणं एवढंच, बापाला देव म्हणायचं तर देव कसा वागला तेही बघा.

पुंडलिक आईबापाच्या सेवेत होता. दारात देव आला. यानं वीट फेकली आणि थांब म्हणाला. देव थांबला, कमरेवर हात ठेवून. "मी आलोय, तुझं काम बाजूला ठेव" असं म्हणाला नाही.

आता आपल्या गावातला बाप बघा. पोरगं पस्तिशीचं, त्याला दोन लेकरं, तरी फवारणीच्या औषधाला पैसे बापाकडं मागतंय. वाण कोणतं, बियाणं किती, पेरायचं कधी, सगळं बापाच्याच तोंडून. माया नाही असं कोण म्हणेल? पोरगं दवाखान्यात असलं तर हाच बाप बैलजोडी विकून पैसे आणतो. पण वावर काही सोडत नाही.

माझ्या वडिलांनी मी दहावी झाल्यावर दोन वर्षांनी एक एकर माझ्या हवाली केलं. माळाचं नाही, विहिरीजवळचं काळं वावर. तेव्हा आमच्याकडं ज्वारी-तूर, सोयाबीन नवीन होतं. मी सोयाबीन म्हणालो. त्यांना पटलेलं नव्हतं. ज्वारीत माणसाला भाकर न् जनावराला कडबा, सोयाबीनचं घरात खायला काय? हे एकदाच बोलले. पुढं रोज सकाळी बांधावर यायचे, कमरेवर हात ठेवून बघायचे आणि जायचे. रात्री पाऊस जोरात लागला की उठून वावराकडं चक्कर मारायचे, हे मला आईकडून फार उशिरा कळलं. मला हे प्रेम देवाच्या जवळचं वाटतं. जीव पोराच्या वावरात, हात स्वतःच्या कमरेवर.

काही जण म्हणतील, पोरगं चुकलं तर? खरंय, कोरडवाहूत एक पेरणी मोडली की वर्ष जातं. म्हणून सगळं एकदम देऊ नका, एक-दोन एकर द्या. पण द्या म्हणजे नावावर द्या. ठिबकच्या अनुदानाला जमीन स्वतःच्या नावावर लागते. "तुझंच आहे सगळं" हे पोर्टलला चालत नाही. संमतीनं वाटप तहसीलदाराकडं कलम ८५ खाली होतं. आणि तिथं गेलात की लेकीचं नाव गाळू नका. वडिलोपार्जित जमिनीत २००५ च्या दुरुस्तीपासून तिचा हिस्सा पोराएवढाच आहे. देवाचा पाऊस काही बांध बघून पडत नाही.

आमच्या थोरल्यानं यंदा चार एकर सोयाबीन बीबीएफवर घ्यायचं ठरवलंय. घरचंच बियाणं, उगवण तपासली, शंभरात ८२ आली. पाऊस आतापर्यंत ६० मिलिमीटर. शेजारच्यांनी परवाच पेरणी उरकली. थोरला म्हणतो, १०० झाल्याशिवाय यंत्र वावरात घालणार नाही. मी बांधावर जाऊन आलो, बोललो काही नाही.

तुमच्याकडं किती झाला, गावाच्या नावासकट कळवा.