टनाचा हिशेब
तोळ्याचे ग्रॅम क्षणात सांगणारे सातारा-सांगलीचे व्यापारी दुकानासाठी एसी घेताना बहुधा चौरस फूट पाहतात, माणसे मोजत नाहीत. एसीचा टन हे वजन नव्हे; तासाला सुमारे ३,००० किलोकॅलरी उष्णता बाहेर काढण्याची ती क्षमता होय. वीजबिलातील एक युनिट ८६० किलोकॅलरींचे. म्हणजे टन साडेतीन किलोवॉटचा झाला. आहारातली 'कॅलरी' वस्तुतः किलोकॅलरीच असते. दिवसाला अशा २,००० घेणाऱ्या माणसाच्या देहातून सरासरी ९७ वॉट उष्णता बाहेर पडते. जणू जुना शंभराचा दिवाच! लग्नसराईत पेढीवर दहा गिऱ्हाइके बसली, की टनाचा चौथा हिस्सा त्यांच्यातच संपतो. दिव्यांचा हिशेब निराळा.