ट्रॅफिक घसरल्यावरची घाई

संकेतस्थळाचा आलेख अचानक खाली आला की संपादकीय विभागात एकच धांदल उडते. मथळे बदला, जुने लेख उडवा, रोजच्या मजकुराची संख्या दुप्पट करा, एसईओ करणाऱ्याला फोन लावा. आकडा नेमका कशामुळे उतरला, हे तोवर कोणी तपासलेले नसते. या घाईचा धोका मला घसरणीइतकाच मोठा वाटतो. एकाच आठवड्यात दहा बदल केले, तर त्यातला कोणता लागू पडला आणि कोणत्याने घात केला, हे पुढे कधीच कळत नाही.

पहिला प्रश्न हा की वाचक खरोखर कमी झाले, की मोजमाप बदलले? 1 जुलै 2023 पासून गूगलने युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्समधली नोंद टप्प्याटप्प्याने थांबवली. त्याच्या जागी आलेल्या जीए 4 ची मोजण्याची पद्धतच निराळी आहे. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष फसवा ठरतो. सप्टेंबर 2025 मध्ये गूगलने एका पानावर शंभर निकाल मागवण्याची सोय बंद केली आणि सर्च कन्सोल या गूगलच्या अहवालसाधनात असंख्य संकेतस्थळांची इम्प्रेशन्स, म्हणजे शोधात दिसण्याची संख्या, एकदम उतरली. क्लिक मात्र बहुतेकांचे जागच्या जागी होते, कारण खोलवरच्या निकालांपर्यंत जाणारी बरीचशी ये-जा बहुधा यंत्रांची होती. म्हणून अ‍ॅनालिटिक्स, सर्च कन्सोल आणि सर्व्हरच्या नोंदी एकत्र ठेवूनच बोलावे.

मोजमाप बरोबर असेल, तर घसरणीची तारीख आणि उतार पाहावा. एका दिवसात आकडा तळाला गेला असेल, तर संशय आधी स्वतःच्या घरावर घ्यावा. नवे डिझाइन चढवताना चाचणीच्या प्रतीवरचा, पान शोधात दाखवू नका असे सांगणारा नोइंडेक्स टॅग तसाच राहतो. रोबॉट्स फाइल गूगलच्या बॉटला अडवते. लेखांचे पत्ते बदलतात, पण जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे कायमचे रीडायरेक्ट दिलेले नसते. सर्व्हर वारंवार बंद पडतो, किंवा कोणी संकेतस्थळात घुसून भलतीच पाने टाकून ठेवतो. सर्च कन्सोलमधले इंडेक्सिंग, मॅन्युअल ॲक्शन आणि सुरक्षा हे तीन विभाग पाहायला काही मिनिटे पुरतात. ही घसरण सर्वांत भयंकर दिसते, पण कारण सापडले की बहुधा तीच सर्वांत लवकर भरून निघते.

मागणीच घटली असेल, तर दोष संकेतस्थळाचा नसतो. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी चढलेला आकडा पुढच्या आठवड्यात उतरणारच. मराठी संकेतस्थळांना इथे आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. आपले सण तिथीने येतात आणि अहवाल इंग्रजी महिन्यांनी निघतात. गणेश चतुर्थी 2024 मध्ये 7 सप्टेंबरला होती, 2025 मध्ये 27 ऑगस्टला. आरत्या आणि पूजाविधींची पाने असलेल्या संकेतस्थळाने सप्टेंबरची तुलना सप्टेंबरशी केली, तर नसलेली घसरण दिसेल. तुलना चतुर्थीची चतुर्थीशी करायला हवी. सर्च कन्सोल सोळा महिन्यांचीच माहिती ठेवते. त्यामुळे जुने आकडे वेळोवेळी उतरवून ठेवणे भाग आहे.

यातले काहीच नसेल, तर क्रमवारी घसरली का ते पाहावे. गूगलचे मोठे बदल, म्हणजे कोअर अपडेट, अनेक आठवडे चालतात. मार्च 2024 चा बदल 5 मार्चला सुरू होऊन 19 एप्रिलला संपला. तो चालू असतानाच उपाय करत सुटणे व्यर्थ आहे. बदल पूर्ण झाल्यावर किमान एक आठवडा थांबावे आणि बदलाआधीच्या आठवड्याशी तुलना करावी, असे गूगलच सांगते. दुसऱ्या क्रमांकावरून चौथ्यावर आलेल्या पानाची मोडतोड करू नये. चौथ्यावरून एकोणतिसाव्यावर गेलेल्या पानाची मात्र कसून तपासणी हवी: यात आपले स्वतःचे काय आहे? प्रत्यक्ष जाऊन मिळवलेली माहिती, लेखकाचा अनुभव, तपासलेले तपशील, की इतरांच्या मजकुराची फेरमांडणी?

याच टप्प्यावर सर्वांत घातक मोह होतो. गेलेले वाचक संख्येने भरून काढू, यंत्राकडून रोज शेकडो लेख लिहवून घेऊ, असे वाटू लागते. पण मार्च 2024 मध्येच गूगलने क्रमवारीसाठी घाऊक मजकूर निर्माण करणे हा स्पॅम ठरवला, मग तो माणसाने लिहिलेला असो वा यंत्राने. घसरलेल्या संकेतस्थळाने हा मार्ग धरला, तर जी क्रमवारी अजून टिकून आहे तीही धोक्यात येते. प्रामाणिक सुधारणेचे फळ दिसायला अनेक महिने लागू शकतात आणि पूर्वीची जागा परत मिळेलच, अशी हमी गूगल देत नाही. संपादकांनी हे मालकांना आधीच स्पष्ट सांगावे.

आता एक निराळी घसरण दिसू लागली आहे. क्रमांक तोच, इम्प्रेशन्स तीच, क्लिक मात्र कमी. मे 2024 मध्ये अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात गूगलने शोधाच्या पानावरच एआयने तयार केलेली उत्तरे द्यायला सुरुवात केली. ज्याला उत्तर तिथेच मिळाले, तो पुढे येत नाही. इथे पानात दुरुस्त करण्याजोगे फारसे काही नसते. सणाची तारीख किंवा योजनेची पात्रता दोन ओळींत सांगणाऱ्या पानांचे वाचक परत येतील, या आशेवर पुढचे अंदाजपत्रक बांधू नये.

एकाच वाटेवर विसंबण्याची किंमत यापूर्वीही मोजली गेली आहे. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने न्यूज फीडमध्ये मित्र-नातेवाइकांच्या मजकुराला प्राधान्य दिले. पुढच्याच महिन्यात लिटलथिंग्ज हे फेसबुकवर वाढलेले अमेरिकी संकेतस्थळ बंद पडले. वाचक त्याला होते, पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट दुसऱ्याच्या हातात होती. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेललाही हेच लागू आहे. वाचकाने स्वतःहून दिलेला ईमेल पत्ता, त्याने भरलेली वर्गणी, पत्ता टाइप करून थेट येण्याची त्याची सवय, एवढेच खरे आपले.

म्हणून प्रत्येक संकेतस्थळाने एक साधी नोंदवही ठेवावी. कोणत्या तारखेला काय बदलले, सर्व्हर कधी हलवला, गूगलचा बदल कधी आला आणि गेला, किती वाचक थेट आले, हे सारे त्यात लिहावे. दुरुस्ती एका वेळी एकच करावी आणि तिचा परिणाम दिसेपर्यंत दुसरीला हात लावू नये. संकट आल्यावर ही वही मागच्या तारखांनी भरता येत नाही. ती आलेख चढता असतानाच सुरू करावी लागते.