परीक्षकांची परीक्षा

संगीत नाटकांच्या स्पर्धेचा निकाल लागला की पराभूत संघांत कुजबुज होते आणि आठवडाभरात ती विरते. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ज्या नगरीत रामनाम आधाराश्रम स्थापिला, त्या नाशिकने तरी हा प्रश्न इतक्या सहजी सोडू नये.

राज्य शासनाच्या संगीत नाट्य स्पर्धेत जुनी नाटकेही पुन्हा उभी राहतात. त्यांचे परीक्षण हे केवळ रसिकतेचे काम नव्हे. ‘शाकुंतल’ (१८८०) मधील अनेक पदे साकी, दिंडी आणि कीर्तनी चालींची. ‘मानापमान’ (१९११) मध्ये गोविंदराव टेंब्यांनी रागदारी आणली. दोहोंना एकच माप लावणारा परीक्षक पहिल्यात ताना शोधील आणि साधेपणाला उणेपणा समजेल.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, ज्या बाजारात ग्राहकास मालाची पारख करता येत नाही, तेथून चांगला माल हळूहळू उठतो. स्पर्धेलाही हा न्याय लागू पडतो. जुनी गायकी कष्टाने अभ्यासणाऱ्या संघास त्याचे गुण मिळत नसतील, तर पुढील वर्षी तो ते कष्ट का घेईल?

म्हणून परीक्षकांत ऑर्गन वा तबल्याची साथ केलेला एक तरी जाणकार असावा. पदगायन, साथ व गद्य यांचे गुण वेगळे नोंदवून लेखी अभिप्रायासह प्रत्येक संघास द्यावेत. यामुळे परीक्षक संकोचतील, असा आक्षेप येईल. परंतु विद्यापीठे विद्यार्थ्यास तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतात. त्याने आम्हा अध्यापकांची प्रतिष्ठा घटली नाही, तपासणीतील काळजी मात्र वाढली. कलेच्या परीक्षकांना हाच नियम का नसावा?