मातृभाषेचा एकच रकाना आणि दोन वर्षांचे मूल

जनगणना २०२७ ची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. देशाची ही पहिली डिजिटल जनगणना असून प्रत्यक्ष लोकसंख्या मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे. तिच्याविषयीची चर्चा बहुतांशी जातीच्या रकान्याभोवती फिरते. भाषेच्या रकान्याकडे फारसे कुणाचे लक्ष नाही. ज्यांना स्वतःचे उत्तर देता येत नाही अशा तान्ह्या मुलांच्या भाषेकडे तर त्याहूनही कमी.

२०११ च्या जनगणनेची व्याख्या अशी होती : व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी जी भाषा बोलत असे, ती तिची मातृभाषा. तान्ह्या मुलाच्या बाबतीत, आई सामान्यतः जी भाषा बोलते ती लिहावी. नियम सुटसुटीत आहे आणि गणकाच्या सोयीचाही. मात्र त्यातून घरातली इतर सारी माणसे गळून पडतात. वडील, आजी, मुलाला सांभाळणारी मावशी, शेजार यांपैकी कुणाच्याही भाषेला तिथे जागा नाही. मोजणीपुरते हे गृहीतक चालून जाते. तेच गृहीतक डॉक्टरांच्या तपासणीत, अंगणवाडीच्या नोंदवहीत आणि पाळणाघराच्या प्रवेशअर्जात उतरते, तेव्हा त्याची किंमत मुलाला मोजावी लागते.

बंगळुरूमधल्या एखाद्या घराची कल्पना करावी. आई साताऱ्याकडची, वडील मदुराईचे. दिवसा मुलाला सांभाळणारी मावशी कन्नड बोलते. आईवडील एकमेकांशी इंग्रजीत बोलतात. साताऱ्याची आजी वर्षभर मुक्कामाला आहे. अशी घरे आज बंगळुरूत, पुण्यात, हैदराबादेत, दिल्लीत दुर्मीळ नाहीत. या घरातले दीड वर्षाचे मूल साताऱ्याच्या आजीला ‘आजी’ म्हणते, मदुराईच्या आजीला ‘पाट्टी’ म्हणते आणि मावशीच्या तोंडून ‘अज्जी’ ऐकते. तहान लागली की ते ‘तण्णी दे’ असे बोलते. त्यातला पहिला शब्द तमिळ आहे आणि दुसरा मराठी. ऐकणाऱ्याला हा गोंधळ वाटतो. प्रत्यक्षात दोन शब्द जोडून मागणी करण्याचा टप्पा मुलाने गाठलेला असतो.

आता या घरात दोन साधे बदल होतात. आजी गावी परतते आणि मूल पाळणाघरात जाऊ लागते. दोन वर्षांचे मूल दिवसाकाठी साधारण १२ तास जागे असते असे धरू. आजी असताना त्यातले ६ तास मराठीचे, ३ कन्नडचे, २ तमिळचे आणि १ इंग्रजीचा होता. पाळणाघराने ८ तास घेतले, तेथील भाषा इंग्रजी आणि कन्नड. उरलेल्या ४ तासांत मराठीला २ आणि तमिळला १ मिळतो. कुणीही काही ठरवलेले नसताना मराठीचा वाटा निम्म्यावरून एक षष्ठांशावर येतो. मूल काही आठवडे पाळणाघरात गप्प राहते, मग घरी येऊन आईकडे ‘वॉटर’ मागू लागते. नेमक्या याच वेळी कुणीतरी हितचिंतक सल्ला देतो : मुलाच्या डोक्यात भाषांची गर्दी झाली आहे, घरात एकच भाषा बोला.

हा सल्ला देशभर दिला जातो. नातेवाईक देतात, शाळा देतात, काही वेळा डॉक्टरही देतात. त्यामागे शास्त्राचा आधार आहे असा समज असतो. तो आधार तपासून पाहिला पाहिजे.

तान्ह्या मुलाला अनेक भाषांचे ओझे होते काय? जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग भारतीय वाचकाला विशेष जवळचा वाटावा, कारण त्यात हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ होते. इंग्रजी घरांतली सहा ते आठ महिन्यांची बाळे हा भेद ओळखत होती. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना तो ओळखता आला. हिंदी ऐकत वाढणाऱ्या त्याच वयाच्या बाळांची क्षमता मात्र टिकून होती. मूल सर्व ध्वनींना खुल्या कानांनी जन्मते आणि सभोवतालच्या भाषांनुसार कान घडवत नेते. त्या भाषा एकाहून अधिक असल्या तरी ही घडण अडत नाही. क्रिस्ता बायर्स-हाइनलाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की गरोदरपणी इंग्रजी व तागालोग या दोन्ही भाषा बोलणाऱ्या मातांची नवजात बाळे दोन्हींकडे ओढ दाखवतात, आणि त्या दोहोंतला फरकही ओळखतात.

मग अनेक भाषांमुळे मूल मागे पडते, हे मत आले कोठून? त्याचा एक उगम वेल्समध्ये सापडतो. डी. जे. सेअर यांनी १९२३ मध्ये वेल्श-इंग्रजी द्वैभाषिक मुलांच्या बुद्धिचाचण्या प्रसिद्ध केल्या. ग्रामीण भागातील द्वैभाषिक मुले मागे असल्याचे त्यात दिसले. गाव आणि शहर, गरिबी आणि सुबत्ता यांचा परिणाम भाषेच्या परिणामापासून वेगळा काढलेला नव्हता. एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी १९६२ मध्ये मॉन्ट्रियलच्या मुलांवर आर्थिक-सामाजिक स्तर जुळवून अभ्यास केला, तेव्हा द्वैभाषिक मुले सरस ठरली.

यापेक्षाही नेटका प्रयोग भारतातच झाला आहे, आणि तो येथील विज्ञानवाचकाला फारसा ठाऊक नाही. मानसशास्त्रज्ञ अजित मोहंती यांनी ओडिशाच्या कंधमाळ भागातील कोंध मुलांचा अभ्यास केला. या समाजाच्या काही वस्त्यांत कुई आणि ओडिया या दोन्ही भाषा चालतात, तर काही वस्त्यांत कुई मागे पडून केवळ ओडिया उरली आहे. समाज एक, संस्कृती एक, आर्थिक स्थिती सारखी, फरक प्रामुख्याने भाषांच्या संख्येचा. प्रयोगशाळेत मुद्दाम घडवता येणार नाही अशी ही तुलना इतिहासाने आपोआप उपलब्ध करून दिली. भाषेकडे भाषा म्हणून पाहण्याच्या, तिच्या नियमांचा विचार करण्याच्या कसोट्यांवर द्वैभाषिक मुले पुढे होती. कुई बोलण्याने त्यांचे काही बिघडले नव्हते.

येथे एक पथ्य पाळायला हवे. अनेक भाषांमुळे मेंदू अधिक तल्लख होतो, हा अलीकडचा लोकप्रिय दावा अजून वादात आहे. लक्ष केंद्रित करण्याच्या क्षमतेत द्वैभाषिकांना लाभ होतो असे काही अभ्यास सांगतात, तर इतर अनेकांना तो लाभ आढळलेला नाही. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादेत ६४८ स्मृतिभ्रंश-रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. द्वैभाषिकांत हा विकार सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसला, निरक्षरांतही उशिराच दिसला. हा निष्कर्ष महत्त्वाचा असला तरी तो उतारवयाचा आहे. त्यावरून दोन वर्षांच्या मुलाच्या बुद्धीविषयी अनुमान काढणे योग्य नाही. आजीशी तिच्या भाषेत बोलता यावे, एवढे कारण मुलाला ती भाषा देण्यास पुरेसे आहे. त्यासाठी बुद्ध्यंकाची साक्ष काढण्याची गरज नाही.

खरा दोष मोजमापात आहे. वरच्या घरातले मूल दोन वर्षांचे झाल्यावर मराठीत २५, तमिळमध्ये २०, कन्नडमध्ये १० आणि इंग्रजीत ५ शब्द बोलते असे मानू. या वयात ५० हून कमी शब्द असणे आणि दोन शब्द न जोडणे ही चाचणीतली परिचित धोक्याची खूण आहे. केवळ मराठी मोजली तर हे मूल निम्म्यावर अडकलेले दिसते. सर्व भाषा मोजल्या तर ते ६० शब्दांवर आहे. बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये द्वैभाषिक बालकांच्या बाबतीत नेमके हेच दाखवले : दोन्ही भाषांतला साठा एकत्र धरला की ती एकभाषिक मुलांच्या बरोबरीने असतात.

या चुकीची दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. ‘घरात तीन भाषा आहेत, म्हणून उशिरा बोलेल’ या दिलाशाखाली खरा दोषही दडून राहतो. बाराव्या महिन्यापर्यंत बडबड नाही, सोळाव्यापर्यंत एकही शब्द नाही, चोविसाव्यापर्यंत कोणत्याही भाषेत वा भाषांच्या मिश्रणात दोन शब्दांची जोडणी नाही, किंवा आलेले बोलणे नाहीसे झाले, तर घरातल्या भाषांची संख्या हे त्याचे कारण मानता येत नाही. अशा वेळी सर्वप्रथम श्रवणाची तपासणी व्हायला हवी. ऐकू न येणाऱ्या मुलाचे हातचे निघून गेलेले महिने नंतर भरून काढणे कठीण असते. फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात भाषाविकासातील विलंब आणि श्रवणदोष या दोहोंची तपासणी अंतर्भूत आहे. व्यवस्था आहे, तिला योग्य प्रश्न विचारण्याची सवय लागली पाहिजे.

एक भाषा सोडण्याच्या सल्ल्यात आणखी एक गोष्ट लपलेली असते. इंग्रजी सोडा असे कुणाला सांगितले जात नाही. सोडायची ती कुई, गोंडी, तुळू, किंवा परराज्यात राहणाऱ्या कुटुंबाची मराठी. म्हणजे शास्त्राच्या नावाखाली प्रतिष्ठेची उतरंडच घरात शिरते. शिवाय आईवडील स्वतःची सहज भाषा सोडून अपुऱ्या इंग्रजीत बोलू लागले, तर मुलाच्या वाट्याला येणारे बोलणेच तोकडे होते. त्यात अंगाई नसते, चिडवणे नसते, गोष्ट रंगवून सांगणे नसते.

भाषांची संख्या कितीही चालेल असा याचा अर्थ नाही. जागेपणीचे तास मर्यादित आहेत, आणि ज्या भाषेला त्यातला फारच लहान हिस्सा मिळतो ती मूल समजते, पण बोलत नाही. अनिक द हाउवर यांनी बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातील १,८९९ कुटुंबांची पाहणी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. घरात दुसरी भाषा असूनही सुमारे एक चतुर्थांश कुटुंबांत मुले ती बोलत नव्हती. ‘एका पालकाने एकच भाषा बोलावी’ हा प्रसिद्ध नियम यशासाठी आवश्यकही ठरला नाही आणि पुरेसाही ठरला नाही.

म्हणून घरातला प्रश्न किती भाषा असाव्यात हा नसून कोणत्या भाषेला कोणाचा वेळ मिळतो, हा आहे. येथे तंत्रज्ञानाविषयीही सावधपणे बोलता येते. पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी समोर बसलेल्या व्यक्तीकडून बारा बैठकांत मँडरिनचे ध्वनी आत्मसात केले. तीच सामग्री चित्रफितीवरून मिळालेली बाळे काहीच शिकली नाहीत. मात्र २०१४ च्या एका प्रयोगात दोन ते अडीच वर्षांची मुले थेट व्हिडिओ-संभाषणातून नवे शब्द शिकली, कारण समोरची व्यक्ती त्यांना उत्तर देत होती. साताऱ्याला परतलेल्या आजीने रोज अर्धा तास फोनवर ‘हे काय आहे?’ विचारणे आणि बडबडगीतांच्या चित्रफिती तासभर लावून ठेवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धोरणाच्या पातळीवरची मागणी तशी लहान आहे. मुलाची तपासणी करताना ‘मातृभाषा कोणती?’ एवढे विचारून थांबू नये. मुलाशी कोण बोलते, कोणत्या भाषेत, दिवसातून किती वेळ, आणि गेल्या काही महिन्यांत घरात काय बदलले, हे चार प्रश्न विचारावेत. शब्द सर्व भाषांतले मोजावेत. तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राने शून्य ते तीन वर्षांच्या मुलांसाठी भाषामापनाची स्वतःची श्रेणी तयार केली आहे. अशी साधने भारतीय भाषांत, आणि भाषांच्या मिश्रणासाठी, तयार करणे हे येथील संशोधकांचेच काम आहे. २०११ च्या जनगणनेत मातृभाषांची १९,५६९ नावे नोंदली गेली. इतकी भाषिक विविधता ज्या देशात आहे, त्याने आपल्या मुलांना एकभाषिक समाजांच्या पट्ट्या लावत राहावे, हे विज्ञानाला शोभणारे नाही.

जनगणनेच्या रकान्यात त्या बंगळुरूच्या मुलापुढे ‘मराठी’ लिहिले जाईल, आणि ते चूक नसेल. तपासणीच्या खोलीत मात्र त्याच्या ‘तण्णी दे’मधले दोन्ही शब्द मोजले गेले पाहिजेत.