पागोळ्यांचा बॅलन्स

फार्महाऊस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर स्विमिंग पूल येतो ना? मनमाड लाइनवरच्या लासूर स्टेशनला आमचं जे आहे, ते म्हणजे अर्धा एकर आणि पत्र्याचं घर. बाबांना रिटायर झाल्यावर तिथेच राहायचंय. आई म्हणते, "आधी पाण्याचं बोला!" बोअर मार्चमध्येच कोरडा पडतो. मग टँकर, आणि मग दोघांची जुंपते.

दादा म्हणाला, दुसरा बोअर घेऊ. पण खाली पाणीच नसेल तर उपसणार काय? २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं, आठवतंय ना?

त्यापेक्षा हा हिशेब बघा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचं छप्पर ५० चौरस मीटर. २० मिलिमीटर पाऊस झाला की हजार लिटर. सांडलेलं-उडालेलं सोडा, आठशे तरी हातात. अशा सहा-सात पावसांत पाच हजारांची टाकी फुल्ल!

पन्हळ लावली, पाइप जोडला. पत्र्यावरची धूळ, पक्ष्यांची घाण असते म्हणून पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं. टाकीला झाकण आणि जाळी हवीच, नाहीतर डासांची चंगळ. हे पाणी धुण्याभांड्याला आणि आईच्या कढीपत्त्याला, प्यायला नाही.

एवढ्यावर उन्हाळा निघणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक आहे. तरी परवा फोनवर तिनेच विचारलं, "दुसरी टाकी केवढ्याला पडेल रे?"

दादा, बोअरचे पैसे तिकडे वळवतोस का?