काउंटरवरचा ओटीपी

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.

विषय : दुकानात बिल करता करता गळ्यात पडणारी कार्डे

महोदय,

हे पत्र कुरुंद्याहून येत आहे. तालुका वसमत, जिल्हा हिंगोली. गावाजवळ टोकाईचा गड आहे, शिवारात हळद आहे आणि नरहर कुरुंदकरांच्या आडनावात गावाचे नाव आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा पेपरात इकडची चर्चा झाली होती. आज कारण वेगळे आहे, पण सुरुवात हळदीपासूनच करावी लागेल.

जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चला निघते. मग ती शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची आणि बाजारात न्यायची. आडत्याची पट्टी हातात पडते तेव्हा उन्हाळा आणि लगीनसराई दोन्ही ऐन भरात असतात. वर्षभर पुढे ढकललेली खरेदी त्या आठ-पंधरा दिवसांत होते: फ्रिज, कूलर, पोरीच्या लग्नात द्यायची वॉशिंग मशीन. दुकानदारांना हे पाठ आहे. कार्डवाल्यांनाही.

वसमत-नांदेडच्या कोणत्याही मोठ्या दुकानात त्या दिवसांत पुढचा प्रसंग दिसतो. माणसे बदलतात, संवाद बदलत नाही. काकूंनी फ्रिज पसंत केलेला असतो, पदराच्या गाठीत किंवा पिशवीत रोख रक्कम असते. काउंटरवर दोन पोरे असतात. एक दुकानाचा, दुसरा फायनान्सचा. पण दोघांचे शर्ट एकाच रंगाचे, त्यामुळे कोण कोणाचा ते कळायला मार्ग नाही.

‘‘काकू, मोबाइल नंबर सांगा.’’

‘‘कशाला लागतो रे?’’

‘‘बिलाला लागतो. कार्डाचे पॉइंट पण भेटतात. आता ओटीपी आला असंल, सांगा बरं.’’

काकू मोबाइल लेकाकडे देतात, लेक सहा आकडे वाचून दाखवतो. थोड्या वेळाने दुसरा ओटीपी येतो, तोही वाचला जातो. मग आधारकार्ड, मग बँक पासबुक, मग पोरगा मोबाइल तोंडासमोर धरून ‘‘इकडं बघा काकू, डोळे मिचकवा’’ म्हणतो. फ्रिज टेम्पोत चढतो. रोख रकमेतले बरेचसे पैसे परत पिशवीत जातात, कारण ‘‘एकदम कशाला देता, महिन्याला दोन हजारच तर आहेत!’’ पुढच्या महिन्याच्या ठरल्या तारखेला खात्यातून हप्ता कापला जातो. खात्यात पैसे नसले तर बँकेचा दंड वेगळा आणि फायनान्सचा वेगळा.

या सगळ्यात काकूंना कर्ज हा शब्द कोणीही ऐकवलेला नसतो.

दुकानात मिळणारे कार्ड ही एकच वस्तू नाही, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पहिले कार्ड निव्वळ पॉइंटचे. खरेदी केली की पॉइंट जमतात, पुढच्या बिलात थोडी सूट मिळते. शॉपर्स स्टॉपने १९९४ मध्ये अशी सभासद योजना सुरू केली. आज गल्लीतला मेडिकलवालाही मोबाइल नंबरवर पॉइंट देतो. यात पैसे जात नाहीत, जाते ती माहिती: नंबर, नाव, काय घेतले, कधी घेतले. दुसरे कार्ड दुकान आणि बँक यांच्या भागीदारीतले क्रेडिट कार्ड. त्यावर दुकानाचे नाव ठळक असले तरी देणे बँकेचे असते. तिसरे हप्त्याचे कार्ड, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत आधीच मंजूर करून ठेवलेले कर्ज. दिसायला तिन्ही सारखी. काउंटरवर तिन्हींचे नाव एकच : ‘कार्ड’. पहिल्याच्या नावाने तिसरे विकले जाते, तेव्हा ग्राहकाला फसवले असे म्हणायलाही पुरावा उरत नाही, कारण ओटीपी त्यानेच दिलेला असतो.

गावच्या किराणा दुकानात उधारीची वही असते. चहापत्ती, तेल, साबण, समोर रक्कम. दुकानदार ती ग्राहकासमोर लिहितो आणि तिला उधारीच म्हणतो. त्या वहीचे गोडवे गाण्याचा इथे हेतू नाही. तिच्यात लबाडी झालेली घरे कुरुंद्यातही सापडतील. पण त्या वहीला कोणी बक्षीस म्हटले नाही.

मा. महोदय, आपल्या बँकेला हे ठाऊक नाही असे मुळीच नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये आपणच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असा प्रकार अस्तित्वातच नसतो. व्याज कुठल्यातरी फीच्या पोटात दडवलेले असते. गोष्ट हिशेबाने बघू. फ्रिजची किंमत २४,००० रुपये धरा. रोखीने घेतला तर दुकानदार दीड हजार सोडतो, म्हणजे २२,५००. हप्त्याने घेतला तर ती सूट नाही. वर १,००० रुपये फी आधी भरायची आणि २,००० चे १२ हप्ते. काकूंना प्रत्यक्षात २१,५०० रुपयांचे कर्ज मिळाले आणि त्याबद्दल त्या वर्षभरात २४,००० भरणार. ‘बिनव्याजी’ म्हणून विकलेल्या या फ्रिजचा वार्षिक दर २० टक्क्यांच्या थोडा वरच जातो. बारावी झालेल्या लेकालाही हे काउंटरवर उभ्याने काढता येणार नाही, आणि मागे रांग उभी असते.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी आपल्या बँकेने पुण्याच्या बजाज फायनान्सला दोन योजनांखाली नवी कर्जे देणे थांबवायला सांगितले. त्यातली एक हप्त्याच्या कार्डाचीच होती. कर्जदारांना मुख्य तपशिलाचे पत्रक न देणे, हे त्यामागचे एक ठळक कारण. कंपनीने दुरुस्ती केल्यावर २ मे २०२४ रोजी ही बंदी उठली. देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला साडेपाच महिने थांबवता येते, ते एका कागदासाठी. कुरुंद्यातल्या ग्राहकांना हे वाचून बरे वाटले होते.

पुढे १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने तो कागद सर्वच किरकोळ कर्जांना लागू झाला. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना बंधनकारक. फक्त क्रेडिट कार्ड वगळले. परिपत्रक वाचताना आनंद होतो, इतके ते नीट आहे. पत्रक कर्जदाराला समजेल त्या भाषेत असावे. त्यातला मजकूर त्याला समजावून सांगावा आणि समजल्याची पोच घ्यावी. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो ते छापावे. पत्रकात नसलेली फी ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय घेऊ नये. सात दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या कर्जाला, विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळावेत.

तीन दिवस! काउंटरवर तीन मिनिटे मिळत नाहीत. पत्रक येते ते पीडीएफ होऊन, इंग्रजीत, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर; आणि मेलचा पत्ता त्या पोरानेच जागेवर बनवून दिलेला असतो.

क्रेडिट कार्डांबाबत आपले २१ एप्रिल २०२२ चे निर्देश आणखी कडक आहेत. न मागता कार्ड देता येत नाही. दिले आणि बिल लावले, तर ते रद्द करून वर दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. कार्ड बंद करायचा अर्ज आला की सात कामकाजाच्या दिवसांत बंद करायचे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये. बाकी काही फेडायचे नसेल, एवढीच अट. हे ५०० रुपये कुरुंद्यात कोणाला माहीत असतील, तर ते त्याने कोणत्यातरी काउंटरवर ऐकलेले नसतील.

परदेशात हे दुखणे जुने आहे. ब्रिटनमध्ये दुकानांची कार्डे इतकी महाग झाली, की तिथल्या स्पर्धा आयोगाने २००६ मध्ये चौकशी करून आदेश दिला : दर २५ टक्के किंवा अधिक असेल तर मासिक बिलावरच तसा इशारा छापा. पण त्याहून शहाणपणाची गोष्ट नंतर घडली. २०११ च्या सुमारास तिथल्या कार्ड कंपन्यांना दोन गोष्टी कबूल कराव्या लागल्या : काउंटरवरच्या नोकराला कार्डामागे कमिशन द्यायचे नाही, आणि कार्ड घेतल्यापासून पहिले सात दिवस सवलतीचे आमिष दाखवायचे नाही. कार्ड गळ्यात का पडते याचे उत्तर पोराच्या पगारपत्रकात असते, हे त्यांनी ओळखले. वसमतच्या काउंटरवरचा पोरगाही दुष्ट नसतो. महिन्याचे टार्गेट असते. बहुधा तोही हळद पिकवणाऱ्याच्याच घरचा असतो.

‘फ्रिजच्या हप्त्याने कोण बुडतो’ असे कोणी म्हणेल. हप्ता चुकला की नोंद सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडे जाते आणि ती नोंद शेतकऱ्याला भेटते ती जूनमध्ये, पीककर्जाच्या टेबलावर. पीककर्जाला सिबिल मागू नका, असे मुख्यमंत्र्यांनी बँकांना २०२५ मध्ये पुन्हा बजावले. पुन्हा बजावावे लागले यातच काय ते आले. ज्याला कर्ज काढल्याचेच माहीत नाही, त्याला हप्ता चुकल्याचे तरी कुठून कळणार? वर्षातून एकदा आपला पत-अहवाल फुकट मिळतो, चुकीची नोंद ३० दिवसांत दुरुस्त झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि तक्रारीसाठी आपल्या बँकेचा १४४४८ हा क्रमांक आहे. या तिन्ही सोयी चांगल्या. तिन्ही घाव बसल्यानंतरच्या.

न वाचता दिलेल्या संमतीला इतिहासात दाखला आहे. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते काढून जाळली. माणसांवर हात टाकण्यापेक्षा कागदावर राग काढला, कारण न वाचता अंगठा उठवलेला तोच कागद कोर्टात त्यांच्या विरुद्ध बोलत होता. इंग्रज सरकारने १८७९ च्या कायद्यात तरतूद केली, की कर्जखत गावासाठी नेमलेल्या निबंधकासमोर व्हावे. कुरुंदा तेव्हा निजामाच्या मुलखात, म्हणून तो कायदा इथवर आलाच नाही. आजचा ओटीपी मात्र सगळीकडे पोचतो आणि त्याच्यासमोर निबंधक नाही.

म्हणून मागणी मोठी नाही. कर्जाच्या प्रत्येक ओटीपीचा संदेश मराठी ग्राहकाला मराठीत यावा आणि त्यातला पहिलाच शब्दसमूह ‘हे कर्ज आहे’ असा असावा. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरे-खुणा मावतात, अशी सबब कंपन्या सांगतील. मावते ते असे :

‘हे कर्ज आहे. ३०,०००ची फेड, हप्ता २,५००, १२ महिने. ओटीपी ४८२१५६.’

मोजून पाहावे, सात जागा उरतात.

दुसरे, पॉइंटसाठी नंबर आणि कर्जासाठी संमती या दोन गोष्टी एकाच काउंटरवर, एकाच माणसाकडून, एकाच दमात घेण्यावर बंदी असावी. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितले आहे. आणि काउंटरवरच्या कमिशनबद्दल ब्रिटनने जे केले ते इथल्या कंपन्यांकडून करून घ्यायचा अधिकार आपल्याकडे आहे.

यंदाची हळद अजून शेतात आहे. ती निघून, शिजून, वाळून बाजारात जायला आणि पट्टीचे पैसे घेऊन काकू दुकानात पोचायला अवकाश आहे. तेवढ्यात एक परिपत्रक निघू शकते.

कळावे,
कुरुंद्यातील एक ग्राहक
ता. वसमत, जि. हिंगोली