घर भाड्याचं असलं तरी कागद पक्का हवा



निबंधाच्या तासाला 'माझे घर' हा विषय आपण सगळेच देतो. मीही चौथीच्या वर्गाला दिला. बऱ्याच मुलांनी अंगण, तुळस, झोपाळा असं पुस्तकातलं घर लिहिलं. एका मुलाने दोन ओळी लिहून वही मिटली. विचारलं तर म्हणाला, "बाई, आमचं घर नाहीये. भाड्याचं आहे."

"तू राहतोस ना तिथे? मग ते तुझंच घर," असं सांगून मी वेळ मारून नेली. पण पुढे त्याची आई धाकट्या मुलीच्या आरटीईच्या २५ टक्के प्रवेशासाठी कागद घेऊन माझ्याकडे आली, तेव्हा मला माझंच उत्तर आठवलं. कुटुंब पाच वर्षं त्याच खोलीत राहत होतं. भाडं एकदाही चुकलं नव्हतं. पण करार होता फक्त नोटरी केलेला, आणि रहिवासी पुरावा म्हणून भाडेकरार द्यायचा तर तो नोंदणीकृतच लागतो. घरमालक म्हणाले, "आता नोंदणीची भानगड नको." मुदत निघून गेली. ती मुलगी आता आमच्याच शाळेत आहे, छान शिकतेय. पण हक्क गेला तो गेलाच.

म्हणूनच आज हा विषय घेतला आहे. माझं म्हणणं एवढंच, की भाड्याच्या घराचा व्यवहार तोंडी नको, आणि तो कसा करायचा हे मुलांनी शाळेतच शिकायला हवं.

माझाच अनुभव सांगते. डी.एड.ला असताना आम्ही चौघीजणी एका खोलीत राहायचो. भाडं २४०० रुपये, प्रत्येकीचे ६००. डिपॉझिट ५००० रुपये. सगळं तोंडी. दुसऱ्या वर्षी एकीचं लग्न ठरलं आणि ती मध्येच गेली. तिचे ६०० कोणी भरायचे? घरमालकीण काकूंचं म्हणणं, "मला खोलीचे २४०० मिळाले पाहिजेत, तुमचं तुम्ही बघा." त्यांचं चूक नव्हतं, पण आमच्याकडे ८०० रुपये कुठून येणार? शेवटी तिघींत अशी भांडणं झाली, की परीक्षेपर्यंत एकीने आमच्याशी अबोला धरला.

खोली सोडताना काकूंनी रंगकाम आणि फुटलेल्या बेसिनचे पैसे कापून २००० रुपये हातावर ठेवले. बेसिन आम्ही येण्याआधीच तडकलेलं होतं, पण ते सिद्ध कसं करणार? काकू वाईट नव्हत्या. मला ताप आला तेव्हा त्यांनीच दोन दिवस पेज करून दिली होती. चूक दोन्हीकडची होती. आधी काही बोललो नाही आणि लिहून तर मुळीच ठेवलं नाही.

दुसरी बाजूही पाहिली आहे. सासूबाईंनी वरची खोली भाड्याने दिली होती. भाडेकरू तीन महिन्यांचं लाइट बिल थकवून एका रात्रीत निघून गेला. तेव्हापासून त्या म्हणतात, "खोली रिकामी राहिली तरी चालेल, पण भाडेकरू नको." म्हणजे एका माणसाच्या वागण्याची शिक्षा पुढच्या चार गरजूंना.

आता कायद्यातल्या काही गोष्टी, ज्या आपल्या प्रत्येक पालकाला माहीत हव्यात.

१) महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : घर भाड्याने द्या किंवा लिव्ह अँड लायसन्सवर द्या, करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती टाळली तर ५००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. म्हणजे नोंदणीत घरमालकाचंच जास्त हित आहे.

२) '११ महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही' हा समज चुकीचा आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे, त्यावरून ही ११ महिन्यांची पद्धत पडली. आपल्या राज्यात मात्र कलम ५५ मुळे ती पळवाट उरलेली नाही.

३) घरमालकाने घेतलेल्या पैशांची पावती द्यायला हवी. वाद झाला म्हणून भाडेकरूचं पाणी किंवा वीज तोडता येत नाही (कलम २९).

४) भाडेकरूने भाडं वेळेवर द्यायचं, लेखी संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायचा नाही, परवानगीशिवाय पक्कं बांधकाम किंवा तोडफोड करायची नाही. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने पैसे भरावे लागू शकतात.

खर्चाची भीती असते. पण मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का (परत मिळणाऱ्या डिपॉझिटचाही थोडा हिशोब धरतात) आणि नोंदणी फी शहरात १००० रुपये, ग्रामीण भागात ५००. चौघांत वाटलं तर मोबाइलच्या रिचार्जएवढं येतं. नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते.

पालकहो, दहावी-बारावीनंतर तुमची मुलं पुण्याला, नागपूरला, संभाजीनगरला जातील आणि मित्रांसोबत खोली करतील. तेव्हा डब्यासोबत एवढं नक्की सांगा : करारात सगळ्यांची नावं घाला. खोलीत शिरताना भिंती, नळ, बेसिन यांचे फोटो काढून घरमालकांना पाठवा. भाडं रोख देऊ नका, दिलंच तर पावती घ्या. आणि सोबत राहणाऱ्यांनीही एका कागदावर लिहून सह्या करा : कोणाचा वाटा किती, लाइट बिल कसं वाटायचं, मध्येच कोणी गेलं तर किती दिवस आधी सांगायचं आणि त्याच्या जागी माणूस कोणी शोधायचा.

काही जण म्हणतील, कागद केला की नात्यात संशय येतो. माझा अनुभव उलटा आहे. आमच्या खोलीतली मैत्री तुटली ती कागद नव्हता म्हणून.

आणि 'प्राथमिकच्या मुलांना हे कशाला?' असं वाटत असेल, तर हा उपक्रम करून बघा. मी वर्गात गणित दिलं : तिघांची खोली, भाडं ९००० रुपये, लाइट बिल ६००. एकजण दहा दिवस गावाला गेला होता. कोणी किती द्यायचं? ९००० भागिले ३ सगळ्यांना आलं. बिलावर मात्र वर्ग पेटला. "जो नव्हता त्याने कमी द्यायचं." "पण फ्रिज तर चालूच होता ना!" "जो जास्त पंखा लावतो त्याने जास्त द्यावं." मग मी म्हटलं, सगळ्यांना पटेल ते चार वाक्यांत लिहा. भागाकार झाला, लेखन झालं, आणि दुसऱ्याची बाजू ऐकणंही झालं.

तो दोन ओळींचा निबंध लिहिणारा मुलगा त्या दिवशी सर्वांत जास्त बोलला. भाडं कधी देतात, मीटर कसं वाचतात, सगळं त्याला माहीत होतं. तासाच्या शेवटी मी त्याला निबंधाची वही परत दिली आणि म्हटलं, "हेच लिही ना आता." दुसऱ्या दिवशी त्याने दीड पान लिहून आणलं. शीर्षक होतं 'माझे घर'.